आसा क्रलच्या नावाची ओळ

३ सप्टेंबर

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खूश आहे. गावात मोठा रस्ता एक, धान्याची कोठारं दोन, बाकी चहूकडे मका. कॉलेजने अब्राहम लिंकनच्या, अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या कागदपत्रांच्या संपादनाचं काम एका जुन्या दुमजली घरात ठेवलंय. माझा कॅमेरा मागच्या खोलीत. कागदाचे निरनिराळ्या प्रकाशात फोटो काढायचे, डोळ्यांना न दिसणारं काही सापडलं तर नोंदवायचं, अहवालावर सही करायची. सही नसलेला अहवाल इथे कोणी हातात घेत नाही. मला हे आवडलं.

मुख्य संपादक डॉ. रॉइस किट्रिज, पासष्टीचे, लाघवी. त्यांनी दारातच सांगून टाकलं की आजोबांच्या पिढीतल्या इतिहासकारांना लिंकन संत दिसला, वडिलांच्या पिढीला धूर्त राजकारणी. त्यातला दयाळू माणूस स्वतः डॉक्टरांनी पुन्हा शोधून काढला. मागे मिसेस योडर उभ्या होत्या. तीस वर्षं इथे प्रुफं वाचतायत.

"माणूस एकदाच मेला, मार्लिस," त्या म्हणाल्या, "पण यांना दर वीस वर्षांनी नवा लागतो."

सगळ्यांत मोठ्याने डॉक्टरच हसले.

१० सप्टेंबर

इथली प्रूफ तपासायची रीत: एकाने मूळ कागद धरायचा, दुसऱ्याने छापील मजकूर मोठ्याने वाचायचा, अगदी स्वल्पविरामासकट. ओळ जुळली की कागद धरणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं. त्याशिवाय पुढची ओळ नाही. योडरबाई वाचतात, मी धरते. दिवसाला अकरा पानं होतात.

१७ सप्टेंबर

आज हेप्झिबा क्रल या विधवेचा अर्ज कॅमेऱ्याखाली घेतला. मुलगा आसा, वय एकोणीस, पलटणीतून पळाला म्हणून त्याला गोळ्या घालायची शिक्षा झालेली. तिने लिहिलंय: मारणारच असाल तर कुठेतरी त्याचं नाव आणि दिवस खरा लिहून ठेवा, एवढं तरी माझं ऐका. पाठीमागे राष्ट्राध्यक्षांचा शेरा: शिक्षा थांबवा.

डॉक्टरांचं गाजलेलं पुस्तक या कागदावर उभं आहे. त्यात आसाचा जीव वाचतो, पुढे जनगणनेत शेतकरी म्हणून सापडतो, सात मुलांचा बाप.

अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाशात जुनी शाई दिसेनाशी होते, पेन्सिलचा कार्बन मात्र काळा राहतो. अर्ज नाहीसा झाला. शेरा नाहीसा झाला. खाली कारकुनाच्या हातची, रबराने खोडलेली एक ओळ उरली: शिक्षा काल सकाळी अमलात आली.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो पालथा ठेवला. मग म्हणाले की जनगणनेतला आसा हा त्याच नावाचा चुलतभाऊ निघाला, आणि ते कळेपर्यंत पुस्तकाला बक्षीसही मिळालं होतं. ओळ कोणी खोडली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझी नोकरी वर्षभराचीच आहे, ती कायम करता येईल, असं मात्र सांगितलं.

१९ सप्टेंबर

अहवालात लिहिलं: काही आढळलं नाही. सही केली.

दुपारी अर्जाचं वाचन. तळटीप आली: शिक्षा थांबली, आसा क्रल पलटणीत परतला. योडरबाई थांबल्या. मी 'बरोबर' म्हटलं.

डाव्या कानाशी एक बाई म्हणाली, "ठीक आहे. आता तुमची नावं."

योडरबाईंनी काही ऐकलं नव्हतं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

२६ सप्टेंबर

डॉक्टरांच्या कपाटातल्या त्यांच्या पुस्तकांच्या कण्यावर लेखकाचं नाव नाही. चौदा प्रती, चौदाही कोऱ्या. स्वस्त सोनेरी रंग, म्हणून ते हसले. दुपारी पोस्टातून परत आले. तिथे वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाने त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं. त्यांनी काढून दाखवलं, तर त्यावर फक्त फोटो.

आता हसत नव्हते.

२९ सप्टेंबर

डॉक्टरांच्या खोलीत रिकामी खोकी. वर जुनी धूळ. योडरबाईंना विचारलं. रॉइस नावाचं इथे कधी कोणी नव्हतं, म्हणाल्या. मुख्य संपादकाची जागा पहिल्यापासून रिकामीच आहे.

डॉक्टरांच्या कॉफीचा कप माझ्या हातात होता. अजून कोमट.

१ ऑक्टोबर

खरा अहवाल लिहिला. खोडलेली ओळ, फोटो क्रमांक, सगळं. उद्या-परवा कागदपत्रांचा हा खंड छापायला जाईल, त्याआधी तळटीप बदलली पाहिजे. सही केली. सही उडाली. भर उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत, पहिल्या अक्षरापासून. सात वेळा केली.

तसाच नेऊन दिला. योडरबाईंनी कागद उलटसुलट पाहिला, बिनसहीचा घेता येत नाही म्हणाल्या. मग अगदी मायेने विचारलं, "कुणाकडे आलात तुम्ही?"

२ ऑक्टोबर

आईला डुलुथला फोन. तीन वाक्यं ऐकून घेतली तिने. राँग नंबर लागलाय, बाळ, म्हणाली. मला मुलगी नाही.

तिचाच आवाज —

३ ऑक्टोबर, सकाळ

हेप्झिबाशी बोलले. मोठ्याने, रिकाम्या खोलीत. मला पुसलंस तर तुझ्या मुलाची खोटी ओळ तशीच छापली जाईल, साक्ष द्यायला कोणी उरणार नाही, असं सांगितलं. हिशेबाने पटण्यासारखं होतं.

"त्याचं नाव गेलं," ती म्हणाली. "आता कुणाचंच राहायचं नाही."

दुपार

या वहीचं पहिलं पान कोरं — दुसऱ्या पानावरची माझी शाई फिकी. पेन्सिल घेतली. कार्बन टिकतो. टिकायला हवा —

मागे कोणी उभं. ओळ संपायची वाट बघतंय. दाबून लिहिते —

आसा क्रल, वय एकोणीस. त्याला गोळ्या घातल्या. माफी एक दिवस उशिरा. ही ओळ मी पाहिली. मी, म्हणजे —