खोक्यातली घरघर

अण्णा, आज फडताळ आवरताना तुमचा खोका खाली काढला. तारा हिरव्या पडल्या आहेत, एका व्हॉल्व्हची काच तडकली आहे. पुसून परत ठेवणार होते, पण तशीच लिहायला बसले.

तारऑफिसातून पेन्शनीत आल्यावर तुम्ही हा उद्योग काढलात. जुन्या टेलिफोनचं बोलायचं भांडं, मुंबईहून बोटीने आलेले दिव्यासारखे दोन काचेचे व्हॉल्व्ह आणि मोटारीची बॅटरी. सगळं जुळवून आवाज मोठा करायचा आणि मेणाच्या रुळावर कोरून घ्यायचा. आवाज माझा. नवरा गेल्यावर मी माहेरी आले ती गाणं टाकून. जात्यावरसुद्धा तोंड मिटलेलं. तुम्ही कधी आग्रह केला नाहीत. एवढंच म्हणालात, "यंत्र झालं की चार ओव्या म्हण. मेणाला कोण विधवा नि कोण सवाशीण?" सामान ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायचं, ती हाताने सपाट करून मी एकटीच वाचायला शिकत होते.

पहिल्या दिवशी खोका नुसता किंचाळला. मग खरखर. भांड्यातल्या कोळशाच्या कणांना खाऱ्या हवेची ओल लागली म्हणून तुम्ही ते माझ्या तव्यावर भाजायला घेतलेत. "अण्णा, कोळसे तव्याखाली घालतात," मी म्हटलं. "तू भाकरी कर गो, मला शिकवू नको," म्हणालात आणि स्वतःच हसलात. हसता हसता खोकलात. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. त्या स्वयंपाकघरात तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

खरखर गेली, पण घरघर राहिली. तुम्ही ओटीवर बोलायच्या भांड्यासमोर आकडे म्हणताय, मी माजघरात टेलिफोनचं ऐकायचं भांडं कानाला लावून बसले आहे. दोन आकड्यांच्या मध्ये ती येते, जाते. तुम्ही व्हॉल्व्ह अदलाबदल केलेत, तारा बदललात. एका दुपारी शेजारच्या काकूंनी हाक मारली म्हणून तुम्ही कुंपणाच्या गडग्यापाशी गेलात आणि माझ्या कानात एकदम स्वच्छ शांतता झाली. कावळा ऐकू आला. रहाटाची कुरकुर ऐकू आली. मग तुम्ही परत येऊन बसलात. अजून बोलला नव्हतात, तरी घरघर सुरू झाली. श्वास आत, श्वास बाहेर.

"गेली का गो?" तुम्ही ओटीवरून विचारलंत.

"नाही," मी म्हटलं. "कुठेतरी तारेचा डाग सुटला असेल."

तुम्ही पुन्हा कथील वितळवायला बसलात. राळेचा धूर तुमच्या तोंडावर येत होता, तुम्ही खोकत होतात, आणि मी पंख्याने धूर बाजूला करत होते. असं महिनाभर चाललं. घरघर गेल्याशिवाय ओव्या घ्यायच्या नाहीत, हा तुमचा हट्ट. तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा वैद्य म्हणाले, छाती फार आधीच दाखवायला हवी होती. रूळ कोराच राहिला.

लोक म्हणतात, मुलीने बापाची शेवटपर्यंत सेवा केली. मी ऐकून घेते.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दुपारी मला सगळं कळलं होतं. तुम्हाला घाटावरच्या मोठ्या दवाखान्यात नेतील आणि मला परत सासरी पोचवतील, एवढंच तेव्हा मनात आलं, अण्णा. तुमचं नाही आलं.