भेरली माडाचा केसपेपर

१२ जानेवारी २०२५, आगाशी

लागली पैज! ह्यांनीच लावली, मी नाही.

सकाळी मी जास्वंदीची पहिली कळी दाखवायला ह्यांना अंगणात ओढून आणलं. तर म्हणे, "जास्वंद काय, गटाराकाठीसुद्धा फुलते. तो भेरली माड फुलवून दाखव. निर्मळच्या जत्रेपर्यंत फुलला, तर विरारचा फ्लॅट विकू नि इथंच राहू. नाही फुलला तर मुकाट्याने परत लिफ्टच्या बिल्डिंगीत. पुन्हा वाडीचं नाव काढायचं नाही."

म्हटलं, मंजूर!

जत्रा नोव्हेंबरात. दहा महिने हातात. बत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळला मी, शेवटची आठ मेट्रन म्हणून. डॉक्टरांनी हात टेकलेले पेशंट स्वतःच्या पायांनी घरी गेलेत. एक झाड काय घेऊन बसलात!

मला इथंच राहायचंय. लिहूनच ठेवते. दोन महिने झाले ह्या सासरच्या वाडीत येऊन, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सकाळी उठून मातीत हात घालते. त्या चौथ्या मजल्यावर परत जाऊन खिडकीतल्या तुळशीला पाणी घालत बसायचं? जमणार नाही.

१४ जानेवारी

केसपेपर काढला. जुन्या वहीत, नीट रकाने आखून.

पेशंट — भेरली माड. वय — अंदाजे बावीस. मुक्काम — विहिरीच्या वाटेवर, सुपारीच्या रांगेपलीकडे. पानं माशाच्या शेपटीसारखी, हिरवीगार. खोड सरळ. तक्रार — एकदाही फूल नाही. उपचार — रविवारी मासळी धुतलेलं पाणी, पंधरा दिवसांनी एरंडीची पेंड, रोज दोन बादल्या.

मामंजींनी शेवटी शेवटी लावलेलं झाड म्हणे. मला हे जाऊबाईंकडून कळलं. ह्यांना कुठून माहीत असणार? अडतीस वर्षं ह्यांनी वाडीत पाऊल टाकलं नव्हतं. मामंजींच्या दिवसकार्याला आले तेही फाटकाबाहेर उभे राहिले नि तसेच परत गेले.

कारण मी. थोरले भावजी म्हणाले होते, "परजातीची, घाटावरची नर्स. हिला वाडीतलं काय कळणार?" आणि हे फाटकात उभं राहून ओरडले होते — "पुन्हा या वाडीत पाय ठेवला तर नाव सांगणार नाही हरेश्वर म्हणून!" आता भावजी नाहीत. गेल्या वर्षी गेले. तरी ह्यांना इथं आणायला मला सात महिने डोकं फोडावं लागलं.

कळतं की नाही ते दाखवतेच!

२ फेब्रुवारी

ह्यांचं सुरूच. डास फार. रात्री बेडूक ओरडतात. पेपर उशिरा येतो. "फ्लॅटमध्ये असं नव्हतं." — आज तिसऱ्यांदा.

९ मार्च

मोगरा लागला. सोनचाफ्याची दोन्ही कलमं जगली. नारळाखाली अबोली लावली, तीही धरली. हात आहे मला, हे आता मान्य करायला हरकत नाही.

जिजा जाऊबाई कुंपणापलीकडून बघत असतात. त्यांचा चाफा आमच्या दसपट, पहाटे खुडून सहाच्या आत बाजारात. बोलणं जेवढ्यास तेवढं. आज माझी बादली बघून म्हणाल्या, "यमुने, माडाला एवढा पानी कित्याला घालते?" म्हटलं, फुलायला हवाय. त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हरेश्वरभावजींनी सांगला?" म्हटलं, पैजच लावलीय त्यांनी! तर नुसतं "बरा" म्हणून पाटी उचलून चालू पडल्या.

ह्यांना सांगितलं. हे हसले. ह्यांना कढीपत्ता नि कडुनिंब वेगळा कळत नाही. काल कढीत काय पडलं असतं देव जाणे.

२७ एप्रिल

आली! आली! आली!

जयवंत नारळ पाडायला आला होता. नारळावर चढला आणि तिथूनच हाक — "मावशी, बाजूच्या झाडाला पोय आलीय बघा! भेरलीला!" पोय म्हणजे फुलोऱ्याचा बंद कोका. खालून दिसेना. गच्चीवर गेले, ह्यांची दुर्बीण घेतली. पार शेंड्याला, पानांच्या बेचक्यात, जाडजूड. मी गच्चीवरच नाचले. त्रेसष्टाव्या वर्षी! समोरच्या घरातली मुलगी हसत होती. हसू दे.

जयवंतला दोन नारळ जास्त दिले. त्याने "फुलला तर" असं काहीतरी सुरू केलं होतं, पण माझं लक्ष कुठलं!

११ मे

उघडला. हातभर नाही, पुरुषभर लांब! सगळ्या जणींनी एकदम वेण्या सोडाव्यात तसा. मधमाशा तर विचारू नका.

ह्यांना हाताला धरून आणलं. बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मला वाटलं आता काही तरी खुसपट काढणार. तर "बरं" एवढंच. आणि चष्मा पुसत आत गेले. हरणं पचत नाही माणसांना!

जाऊबाई स्वतःहून कुंपणापाशी आल्या. "फुलला व्हय," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. अभिनंदन नाही, काही नाही. जळतात! अडतीस वर्षं वाडी राबवली, आणि फुलवला कोणी? घाटावरच्या नर्सने.

२० जुलै

दुसरा फुलोरा! पहिल्याच्या खालच्या पेऱ्यातून. पावसात भिजून काळपट झालाय, पण काय तो डौल. केसपेपरवर लाल शाईने लिहिलं — प्रकृतीत उत्तम सुधारणा.

गंमत म्हणजे झाड खाली खाली फुलत येतंय. असंच चाललं तर माझ्या हाताला लागेल.

१४ सप्टेंबर

आज फजिती. वाऱ्याने फुलोऱ्यातली हिरवी फळं पडली होती. म्हटलं रोप करू. दोन ठेचली, आत बी बघायला. पाच मिनिटांत दोन्ही हात पेटले! अशी खाज, अशी खाज की मी अंगणात नुसती फिरकी. बर्फ लावला, काही नाही.

ह्यांनी निवांत पेपर खाली ठेवला, खोबरेल आणलं, माझे दोन्ही हात मांडीवर घेऊन चोळत बसले. "मेट्रनबाई, केसपेपरवर हे पण लिहा."

"तुम्हाला कसं कळलं खोबरेल लावायचं?"

"अंदाजाने," म्हणाले.

तासाभराने उतरली. पण खरं सांगू? बरं वाटलं.

२४ ऑक्टोबर

आमचा मुलगा कौस्तुभ दिवाळीला आला. तिसरा फुलोरा उघडल्यालाही आठवडा झाला होता. मी कौस्तुभला वाडीभर फिरवलं. सोनचाफा दाखवला, सुपारी, अनंत, शेवटी माड.

जेवताना ह्यांनी स्वतःच विषय काढला. "तुझ्या आईने हरवलं मला. फ्लॅट विकायला काढ."

कौस्तुभने त्याच्या ओळखीतलं गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलं होतं. सतरा नोव्हेंबरला सह्या. आजपर्यंत एवढी मोठी गोष्ट मी मागितली नव्हती नि मिळालीही नव्हती. श्रीखंड दोनदा घेतलं.

८ नोव्हेंबर

पेढे घेऊन जाऊबाईंकडे गेले. म्हटलं, झालं गेलं, आता शेजारीच राहायचंय. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं. पेढा हातात धरून बसल्या, खाईनात.

"यमुने, तुला खराच कोनी सांगला नाय?"

"काय?"

"भेरली एकदाच फुलतो. शेंड्यावरशी सुरू होतो, एकेक करून खाली येतो. खालचा सुकला का झाड मेला. फुलला म्हंजे मरायलाच लागला ना गं! मामंजींचा हातचा शेवटचा झाड. म्हनून मना बघवेना."

मी म्हटलं, किती दिवस?

"चार वर्सां. पाच. तुझ्या पान्याने होत नाय नि जात नाय."

मी उठले. त्याच मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. आणि मी त्यांना जळकी म्हणत होते! शी.

९ नोव्हेंबर

केसपेपर फाडला.

१२ नोव्हेंबर

ह्यांना सांगायचं की नाही?

नाही सांगितलं तर कोणाला कळतंय? पाच दिवसांनी सह्या, मग घर इथलंच. फुलला तर फुलला! पैजेत "मरायला नको" असं कुठे होतं?

पण हे माणूस त्या झाडाच्या भरवशावर तीस वर्षांचं घर विकतंय. चार वर्षांनी तो माड वाळेल आणि हे माझ्याकडे बघतील. काय सांगू तेव्हा? "माहीत होतं"? कुठल्याही पेशंटच्या नातेवाइकाशी मी खोटं बोलले नाही. नवऱ्याशी बोलू?

आणि सांगितलं, तर परत चौथा मजला. ह्यांना निमित्तच हवंय. डास, बेडूक, पेपर.

अबोलीला पाणी घालताना रडू आलं. मूर्खपणा. पण आलं.

१५ नोव्हेंबर

जत्रेला गेलो. देवळात गर्दी, वाळवलेली केळी, आपली सुकेळी घेतली, हे जिलबीवर घसरले. तीन वेळा तोंड उघडलं, तीन वेळा मिटलं. उद्या सकाळी सांगणार. पहिला चहा झाला की. हरले तर हरले. फ्लॅटच्या खिडकीत सोनचाफ्याची कुंडी मावेल, बघितलंय मी मोजून.

१६ नोव्हेंबर

सांगितलं. "अहो, तो माड मरतोय. फुलला तेव्हापासून."

"ठाऊक आहे. जुन्या विहिरीपाशी होता एक, मी दहावीत असताना गेला. ह्याची पोय मला जानेवारीतच गच्चीवरून दिसली, दुर्बिणीतून. म्हणून तर पैज लावली."

"मग हरायला कशाला लावली?"

चहाचा कप खाली ठेवला. "दादासमोर नाव टाकून गेलो होतो, यमुना. आपल्या पायांनी कसा कायमचा परत येणार होतो? तू हरवलंस म्हणून राहिलो, असंच सांग सगळ्यांना."

सांगेन.