स्टेशनपासून पंधरा मिनिटांवरचं हॉटेल

सेविया,
पवित्र सप्ताहातला गुरुवार

तीर्थरूप इहिनियोदादा,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे जी अजून जिवंत आहे आणि जिच्या कोटाचं एक बटणसुद्धा चोरीला गेलेलं नाही तिचा, वाकून नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत आहे हे काल फोनवरच्या आवाजावरून कळलंच (शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनाही कळलं). बेनितावहिनींचा खोकला कसा आहे? सोरियात अजून बर्फ पडतंय का? इथे संत्र्याच्या झाडांना फुलं आली आहेत आणि माणसं अर्ध्या बाह्यांत फिरताहेत, पण तू बजावलंस म्हणून मी लोकरीचा कोट काही उतरवलेला नाही. काल तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, म्हणून हे पत्र. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही.

आपलं काय ठरलं होतं ते आधी लिहून टाकते, मागाहून कुरकुर नको. माझे एउतिमियो गेल्यापासून अकरा महिने तू एकच धोशा लावला आहेस की बाईमाणसाने एकटं राहू नये. शेवटी पैज लागली. मी एकटीने सेवियाला यायचं, स्टेशनवरून सगळ्या सामानासकट सुखरूप हॉटेलात पोचायचं आणि सहाच्या आत तुला फोन करायचा. जमलं तर मी माझ्या घरी राहणार. नाही जमलं तर घराला कुलूप लावून तुमच्या मागच्या खोलीत, वहिनींच्या शिलाईयंत्राशेजारी मुक्काम हलवायचा. वहिनी देवमाणूस आहेत, पण त्या यंत्राशेजारी मला मरणसुद्धा नीट यायचं नाही.

तर चार वाजता मी उतरले. मोबाइल तू सांगितल्याप्रमाणे बॅगेच्या तळाशी, मोज्यात, आणि बॅगेला तुझं ते गोठ्याचं कुलूप. टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, आज गावात मिरवणुका. गाडी आत जायची नाही. चाला की, पंधरा मिनिटं तर आहेत." निघाले. दहा पावलंही गेले नसेन, तोच एक टापटीप गृहस्थ हातरुमाल काढून म्हणाला, "बाई, तुमच्या कोटावर मागे काहीतरी पडलंय." दादा, तू चोरांच्या युक्त्यांची यादी दिली होतीस ना, शब्दन् शब्द तिच्यातला! एकाने डाग पुसायचा आणि दुसऱ्याने बॅग पळवायची. मी छत्रीचा एक रट्टा दिला आणि सुटले. तो मेला रुमाल हलवत मागे! या गल्लीतून त्या गल्लीत, त्या गल्लीतून चौकात, आणि चौकात समोर गर्दीची भिंत. पोलिसाला म्हटलं, मला पलीकडे जाऊ दे. तो म्हणाला, "ताई, मिरवणूक कापून जाता येत नाही. तासाभराने बघू."

टोकदार टोप्यांचे भाविक पुढे गेले, ख्रिस्ताचं मखर गेलं (त्याच्याखाली ते वाहणारे चाळीस जण, दिसतात फक्त पाय), आणि मखरामागून साध्या कपड्यांतल्या नवसाच्या बायका चालल्या होत्या. मी विचार केला, ख्रिस्ताच्या पाठीशी कोण चोर येणार? शिवाय वाट माझ्याच हॉटेलावरून होती. शिरले रांगेत. पण फरशीवर बॅगेच्या चाकांचा असा खडखडाट सुरू झाला की अख्खी गल्ली "श्श!" करून वळली. मग काय करते, उचलली बॅग आणि घेतली खांद्यावर. इथे खांद्यावर क्रूस घेऊन चालणारे असतातच. लोकांना वाटलं, ही त्यातलीच.

शेजारी आंगुस्तियास नावाची जाडजूड बाई होती. तिने विचारलं, "कुणासाठी गं, ताई?"

हॉटेलसाठी, असं कसं सांगणार? तोंडाला आलं ते बोलले, "भावासाठी. सोरियाहून आलेय. गुडघा दुखतो त्याचा."

"अगं बाई! भावाच्या गुडघ्यासाठी सोरियाहून एवढं ओझं? नशीबवान गं मेला!"

बातमी रांगेभर गेली. कुणी पाणी दिलं, कुणी कपाळाचा घाम पुसला, एकीने मधात बुडवलेला तळलेला पाव भरवला (उपासाला चालतो, मी विचारून घेतलं). मखर दर वीस पावलांवर विसावा घेई. एक वळण घ्यायला दहा मिनिटं. मध्येच कुणी बाई गच्चीवरून ख्रिस्ताचं गाणं गायला लागली की सगळे थांबणार, आणि माझ्या खांद्यावरच्या बॅगेत तू घातलेले खायच्या शिंपल्यांचे सहा डबे.

आणि दादा, पावणेसहाला हॉटेल आलं. दार उघडं. आत घड्याळ दिसलं, टेबलावरचा फोन दिसला. मी रांगेबाहेर पाऊल टाकलं तशी आंगुस्तियासने दंड धरला. "कुठे निघालीस? नवस अर्ध्यात टाकलास तर दुसराही गुडघा जाईल त्याचा!" सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. मी फोनकडे बघितलं, माझं घर डोळ्यांसमोर आलं, रडू आलं. आणि पुढे चालायला लागले.

देवळात पोचायला आठ वाजले. परतताना आंगुस्तियासनेच बॅग धरली आणि वाटेत माझ्या पाठीवरची कबुतराची शीट पुसून काढली. हो, होती. त्या रुमालवाल्याची मी आता कुठे क्षमा मागू? हॉटेलच्या मुलीने सांगितलं की तुझे नऊ फोन येऊन गेले. पुढचं तुला माहीत आहे, कारण पुढचं सगळं तूच बोललास.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
ओब्दुलिया

ता. क. पावणेसहाला मी हॉटेलच्या दाराशी सामानासकट उभी होते. पैज मी जिंकले. साक्षीला दोनशे माणसं आहेत.

ता. क. त्या देवळात तुझं नाव लिहून घेतलंय. पुढच्या वर्षी बऱ्या झालेल्या गुडघ्याने स्वतः आभाराला यायचं असतं. तर ये. आणि आलास तर कृपा करून लंगडू नकोस, माझी इथे अब्रू आहे.

ता. क. खरं लिहिते. आधी मी नवसाची थाप मारली होती. पण हॉटेल मागे पडल्यावर थाप मारायला कारण उरलं नाही, आणि तरी मी दोन तास देवाकडे तुझा गुडघाच मागत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की माझ्या घराचा चढ तू नाताळापासून चढलेला नाहीस. दर वेळी काहीतरी काम निघतं. तुला वर येववत नाही म्हणून मी खाली तुमच्याकडे राहायला यायचं, असंच ना? मग सरळ म्हणायचं होतंस, गाढवा. दर रविवारी मी उतरून येईन जेवायला. झोपायला मात्र माझ्या घरी जाईन.