मीटरात न आलेलं अंतर

आसेगाव

प्रिय आरजू,

गाडी धावते त्यापेक्षा तिचं मीटर कमी दाखवत असेल, तर ते उरलेलं अंतर कोण कापतं? घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळे माझ्याकडे बघतात, पण याचं उत्तर मला येत नाही, हे तुला आधीच सांगून टाकते.

राजपालने जीपला मोठी चाकं बसवली, ते त्याच्या स्टेटसवर पाहिलंच असशील. शेलूबाजार ते आसेगाव सवाऱ्या आणणाऱ्या माझ्या या धाकट्या भावाला गाडी रुबाबदार हवी होती. आधी पंधरा इंची रिम होती, टायर २१५/७५. त्याने सतराची चकचकीत रिम घेतली आणि टायर मागितला २३५/७५. रेघेनंतरचा आकडा तोच ठेवला की उंचीही तीच राहते, अशी त्याची खात्री. मी समजावलं, पंच्याहत्तर ही उंची नाही, उंची रुंदीच्या किती टक्के ते आहे. टायर रुंद झाला की त्याच आकड्यात तो उंचही होतो, वर रिम मोठी. २२५/६० घेतला असता तर चाक जवळपास पहिल्याएवढंच राहिलं असतं. तर म्हणतो, "ताई, पंच्याहत्तर म्हंजे पंच्याहत्तर. बीएस्सी तू झाली, गाडी मी चालवून राह्यलो." टायरवाले दिलावरचाचा म्हणाले, "बेटी, मैंने भी बोला था. इसको जीप नहीं, ऊंट होना."

आता काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सदुसष्टने पळत असते, आणि मीटरात किलोमीटरही तसेच कमी पडतात. पूर्ण वळण घेतलं की टायर मडगार्डला घासतो, कुणी आतून नखाने पत्रा खरवडावा तसा. इथवरचं मला समजावता येतं.

एका संध्याकाळी तो घासण्याचा आवाज घरासमोरच्या फाट्यावर आला, दार आपटलं, टपावरून काहीतरी पडलं. आईने चहा ठेवला. बाहेर कुणीच नव्हतं. चहा निवला तेव्हा राजपाल आला, दार आपटलं, आणि टपावरून एका प्रवाशाची पेटी पडली. मग हे नेहमीचंच झालं. आधी आवाज येतो, मागून जीप, आणि आवाजात जे झालेलं असतं तेच जीपचं होतं. फाट्यावर भाजी विकणारी म्हातारी म्हणते, "तुया भावाची गाडी दोनदा येते, माय." राजपाल हसतो, "माह्या अगोदर मीच पोचतो, इतका फास्ट हाव मी!"

पण दोन्हींमधलं अंतर वाढत चाललं, आरजू. आधी चहा निवेपर्यंतचं होतं, मग दिवेलागणीपर्यंतचं. पुढे तर आज ऐकलेलं उद्या घडू लागलं. मीटरात न आलेलं अंतर साठतंय, आणि तेवढं कुणीतरी पुढे निघून गेलंय, असं मला वाटायला लागलं. विज्ञान शिकलेल्या मुलीने असं लिहू नये, पण मी कानाने ऐकलंय.

मंगळवारी फाट्यावर ब्रेक किंचाळले. पत्रा चेपला, काचा पडल्या, एक मुलगी ओरडली आणि मग काहीच नाही. सगळे धावले. रस्ता रिकामा होता. तासाभराने राजपाल शीळ घालत आला. मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण म्हणाला, "तू उगाच भेव घालून राह्यली." बुधवार गेला, गुरुवार गेला. ते अजून घडलेलं नाही.

हे मी फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असतीस, म्हणून लिहिते आहे. ती मुलगी काय ओरडली ते काचांच्या आवाजात फक्त मला कळलं, आणि मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. "राजूभाई, आहिस्ता!" गावात राजपालला राजूभाई कुणीच म्हणत नाही. तसं फक्त तू म्हणतेस. आणि पुढच्या रविवारी तुला शेलूबाजारहून आणायला तोच येणार होता. तू ये, पण एसटीने ये. काल तो जीप घरी ठेवून एसटीने मंगरूळपीरला गेला असताना मी दिलावरचाचांना बोलावलं आणि जीपची चारही चाकं उतरवून त्यांच्या दुकानात पाठवली. जुनी त्याने केव्हाच विकलीत. तो माझ्याशी बोलत नाही. जीप अंगणात विटांवर उभी आहे.

तुझीच,
सुकेशनी