चिंबोरीवर एका बरणीची जागा

करंजा, ता. उरण
संक्रांतीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप सगुणाताईस,

धाकट्या दिनानाथचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच वाकलो, उरलेला मनाने वाकलो असे समज.) तुझे गुडघे कसे आहेत? सुपारी उतरवून झाली का? बोर्लीच्या बाजारात भाजीवाल्यांशी तुझी भांडणे नेहमीप्रमाणे चालू असतील, म्हणजे तब्येत ठणठणीत असणार. भाऊबिजेला तू मला ओवाळलेस, आणि आपली मृणाली शिडाची बोट घेऊन मालदीवला जाणार हे कानावर पडताच हातातला लाडू ताटात परत ठेवून एसटी पकडलीस. तेव्हापासून तू माझा फोन कापतेस, म्हणून हे पत्र. (पत्र फाडता येते, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील. लहानपणापासून ओळखतो तुला.) तुला वाटेल, दिनानाथला काहीतरी हवे असणार. मुळीच नाही. नुसती खुशाली कळवायची आहे.

तर खुशाली अशी की तुझी भाची कॅप्टन झाली आहे. बोट मांडव्याच्या एका क्लबची, पण हुकूम हिचा. बरोबर दिशा आणि प्राप्ती या दोन मैत्रिणी. बोटीचे नाव 'चिंबोरी', तेही हिनेच ठेवलेले. मांडव्याहून किनाऱ्याने खाली कोची, तिथे पासपोर्टावर शिक्के, आणि तिथून थेट मालदीव. ही बातमी मी कुणाला मुद्दाम सांगत नाही, पण कुणी विचारले तर सांगावी लागते, आणि कुणी विचारले नाही तर आधी मलाच विषय काढावा लागतो. परवा बँकेत फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यात मी 'कॅप्टनचा बाप' असे लिहायला घेतले होते. तुझ्या भावजयीने, विनिताने, हातातले पेन काढून घेतले.

आता एवढ्या प्रवासाचा शिधा कुणी भरायचा? साहजिकच मी. न्हावा शेव्याला तीस वर्षे कंटेनर भरून घेतलेल्या माणसाला तीन पोरींचे डाळ-तांदूळ ते काय! मृणालीने फोनवर सांगितले की बोट चाळीस फुटांची आहे. ताई, माझ्यासारख्याला चाळीस फूट म्हटले की डोळ्यांपुढे काय उभे राहते हे तुला सांगायला नको. मी त्याच मापाने तयारीला लागलो. घरचा तांदूळ, भाकरीचे पीठ, डाळी, गूळ, कोकम, पापड, आणि पाटा-वरवंटा. (बोटीवर मिक्सर चालेल की नाही याची खात्री नव्हती.) त्यात गावाला कळले. म्हणजे, मीच कळवले. मग घराघरांतून बायका सुके बोंबील, सुकट, वाकट्या घेऊन यायला लागल्या. समुद्रावर जाणाऱ्या पोरीला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, हा एकेकीचा सवाल. मृणाली फोनवर म्हणाली की बाबा, आम्ही समुद्रातच चाललोय, तिथं मासे असतात. यावर विनिता म्हणाली, असतील, पण सुके नसतील. या उत्तरासरशी टोपल्या टेम्पोत चढल्या.

टेम्पो रावजीचा. पेणमार्गे मांडव्याला पोचेपर्यंत आमच्या मागे एकही गाडी चिकटून चालली नाही, एवढा वास. मृणाली यायच्या आत सगळे भरून तिला चकित करायचे असा माझा बेत होता, आणि तो पार पडला; फक्त ती चकित झाली ते वेगळ्या कारणाने. बोट बघून मी थोडा चपापलो होतो हे खरे. कंटेनरचा चाळीस फूट वेगळा आणि बोटीचा वेगळा. बोट दोन्ही टोकांना निमुळती होत जाते हे मला कुणी सांगितलेच नव्हते. पण माघार घेणाऱ्यातला मी नव्हे. जेट्टीच्या बाजूने चढवायला सोपे, म्हणून त्याच बाजूला खोक्यांवर खोकी रचली, वर पाटा-वरवंटा. काम झाल्यावर रावजी मान तिरकी करून म्हणाला की दादा, होरी कलंडली वाटतं. मी त्याला समजावले की शिडाच्या बोटी अशाच असतात, वाऱ्यासाठी.

तेवढ्यात कॅप्टन आली. एका बाजूला कललेली चिंबोरी तिने पाहिली, मला पाहिले, आणि म्हणाली, "बाबा, उतरा खाली. या होरीवर मी सांगेन तसाच होईल."

उतरलो. मग त्या तिघींनी सगळे बाहेर काढले. पुठ्ठ्याचे एकही खोके बोटीवर राहू दिले नाही, पुठ्ठ्यातून झुरळांची अंडी येतात म्हणे. डब्यांवरचे कागद सोलून काढले, कारण दमट हवेत ते सुटतात, आणि झाकणांवर पेनाने नावे लिहिली. कांदे-बटाटे जाळ्यांत टांगले, अंडी टिकावीत म्हणून त्यांना तेलाचा हात फिरवला, तांदूळ-डाळी दोन्ही अंगांना सारख्या वाटून तळाशी ठेवल्या. पाटा रावजीच्या स्वाधीन झाला. बोट हळूहळू सरळ होत गेली. ताई, इतक्या वर्षांत माझ्या भरणीत कुणी खोट काढली नव्हती. पोटच्या पोरीने काढली, चारचौघांत काढली, आणि ती बरोबर होती. मला राग यायला हवा होता. पण मला इतका अभिमान वाटला की मी रावजीला मिठी मारली. त्याच्या अंगाला बोंबलांचा वास येत होता, तरी मारली.

भीती म्हणशील तर मला तसूभरही नाही. हवामान मी अधूनमधून बघतो, म्हणजे जेवताना, आंघोळीला जाताना आणि येताना. बाकी ही समुद्राची ओढ तिला माझ्याकडून आलेली नाही. मला करंजा-रेवसच्या लाँचमध्येही मळमळते. दर मे महिन्यात आपल्याकडे दिवेआगरला नेऊन या पोरीला पाण्यात कुणी ढकलले? लाट आली की पाठ फिरवू नकोस, अंगावर घे, असे कुणी शिकवले? आता तीच आत्या तिच्यावर रुसून बसली आहे. असो, माझे काही म्हणणे नाही.

येत्या रविवारी सकाळच्या ओहोटीबरोबर त्या निघतील. सगळे भरून झाले आहे. चुलीशेजारच्या फळीवर तेवढी एका बरणीची जागा तिने रिकामी ठेवली आहे. विनिताने लिंबाचे लोणचे पुढे केले, नको म्हणाली. शेजारणीने कोलंबीचे लोणचे दिले, तेही परत. ती जागा कुणासाठी ते मी लिहीत नाही, कारण मी काही मागायला पत्र लिहिलेले नाही, हे वर सांगितलेच आहे.

तुझा आज्ञाधारक धाकटा,
दिनानाथ

ता. क. : ती जागा तुझ्या जवळ्याच्या चटणीची आहे. पत्र घेऊन रावजीच आला आहे. त्याला चहा दे आणि बरणी दे. काचेची नको, बोटीवर फुटते.

दुसरा ता. क. : चटणी दिलीस म्हणजे तुझा राग गेला असे मी कुणाला सांगणार नाही. तू रागातच दे.

तिसरा ता. क., विनिताच्या हातचा : वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिले, म्हणून चार ओळी. ह्यांनी एक गोष्ट लिहिलेली नाही. परवा ह्यांनी स्वतः जवळा भाजून चटणी केली, बरणीत भरली, आणि तुम्ही पाठवली असे मृणालीला सांगितले. तिने बोटाने चाखली आणि बरणी बाजूला ठेवली. म्हणाली, "ही आत्याची न्हाय. ही घाबरलेल्या मानसाची चटनी हाय, मीठ दोनदा घातलाय." हे उठून हवामान बघायला गेले. तेव्हा बरणी रावजीकडे देऊ नका, तुम्हीच घेऊन या. टेम्पोची पुढची सीट त्याला रिकामी ठेवायला सांगितली आहे. रविवारी बोटीचा दोर सोडायचे काम मृणालीने मला दिले आहे, माझे दोन्ही हात त्यात असतील. ह्यांना धरायला कुणीतरी हवे.