डब्यातल्या तीन पोळ्या

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सोनोग्राफी नॉर्मल. रक्त नॉर्मल. थायरॉइडची गोळी आहे तेवढीच. गायनॅक म्हणाल्या, "शेहेचाळीस ना? या वयात होतं असं." संध्याकाळी पोट टम्म फुगतं, पाळी दोन-दोन महिने गायब आणि आली की थांबत नाही — त्याचं काय, ते राहिलंच.

नॉर्मल ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही.

क्षिप्रा म्हणाली, "आई, माझ्या मैत्रिणीला एका न्यूट्रिशन थेरपिस्टनं खूप फरक पडला. पचन, हार्मोन्स, झोप, सगळं एकत्र बघते. होलिस्टिक. जा ना यार एकदा!" पत्ता ठाण्याचा, माजिवड्याचा. तो वाचून तीच म्हणाली, "डोंबिवलीत पण असेल म्हणा कुणीतरी."

मी माजिवड्याचीच वेळ घेतली. का? तपासायला हवं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रिक्षा उन्मेषच्या बिल्डिंगवरूनच गेली. तिसरा मजला, पडदे नवे. फेब्रुवारीत त्याच्या स्वयंपाकघरात डबे मीच लावून दिले होते — डाळींचे खाली, मसाल्यांचे वर. काही वाटलं नाही.

इथे हे मी कधी सरळ लिहिलेलं नाही. लिहिते. ऑफिस जवळ पडतं म्हणून माझा नवरा ठाण्याला राहायला गेला. गुढीपाडव्याला मला म्हणाला, परत येणार नाही. कुणीतरी आहे. "आईला मीच सांगेन, तू बोलू नकोस." भाऊबीजेला तासभर येऊन, चकल्या खाऊन गेला. सांगितलं नाही. क्षिप्राला माहीत आहे. सासूबाईंना नाही. अठ्ठ्याहत्तर वय, मधुमेह, आणि एकुलता एक मुलगा.

थेरपिस्ट ऋजुता मॅडम माझ्यापेक्षा लहान. आधीच म्हणाल्या, "थायरॉइडची गोळी बंद करायची नाही हं. मी डॉक्टर नाही." तिथे थोडा विश्वास बसला. मग: "पोट, झोप, पाळी, मन — एका घरात राहतात, आसावरीताई. एकाला ताप आला की सगळ्यांची झोप जाते." वाक्य छान. पाठ केलेलं वाटलं.

मग विचारलं, "भूक लागते तेव्हा कुठे जाणवते?"

मला शेवटची भूक आठवेना.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बसून जेवायचं. गरम खायचं. सकाळचा चहा काहीतरी खाल्ल्यावर. दुपारी जिरं घालून ताक, जवसाची चटणी. झोप साडेदहाला. सगळं करते आहे. पोट तसंच.

सासूबाई म्हणाल्या, "यासाठी ठाण्याला गेलीस? हे मी फुकट सांगत होते की!" हसल्या. मीही हसले. चेहऱ्याला सवय आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ऋजुता मॅडमनी विचारलं, "सकाळी काय खाता?"

"कुस्करा. फोडणीचा. रात्रीच्या पोळ्या उरतात, टाकवत नाहीत."

"कधी कधी?"

"रोज."

"रोज? माप चुकतंय का?"

मला जरा रागच आला. वीस वर्षं कणीक भिजवते आहे. "माप बरोबर आहे. चार माणसांचं."

"कोण कोण असतं घरी?"

"मी, सासूबाई, मुलगी —" आणि मोजायला उचललेलं चौथं बोट तसंच वर राहिलं.

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. फक्त म्हणाल्या, "शिळं वाईट असं माझं म्हणणं नाही. पण भूक नसताना दुसऱ्याच्या वाटणीचं रोज खायचं — पोट तरी काय करेल?"

रविवार, २३ नोव्हेंबर

खरं म्हणजे माहीतच होतं. रोज रात्री सासूबाई तीन पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवतात. "उन्मेष अचानक आला तर?" तो येत नाही. सकाळी मी त्या कुस्करते, कांदा-मिरची घालते, खाऊन टाकते. ऑफिसला जायच्या आधी पुरावा नाहीसा! फेब्रुवारीपासून.

आणि मी विम्याचे क्लेम तपासते. खोटं पकडण्याचा पगार घेते.

बुधवार, २६ नोव्हेंबर

कणीक कमी भिजवली. सासूबाईंनी परातीत डोकावून पाहिलं. "एवढीशीच?"

"मॅडमनी गहू कमी करायला सांगितलाय."

त्यांनी असं काहीही सांगितलेलं नाही. बिचाऱ्या थेरपीच्या नावावर आणखी एक खोटं.

"तू खाऊ नकोस मग. त्याच्यासाठी लागतीलच ना." आणि पिठाचा डबा पुढे ओढून स्वतः मळायला बसल्या. मी बघत उभी राहिले. पुढे होऊन परात घ्यायला हवी होती. घेतली नाही.

तीन पोळ्या. फडकं. डबा.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी डबा रिकामा. धुऊन पालथा घातलेला.

"पोळ्या?"

"कावळ्यांना घातल्या."

बरं झालं. पोहे केले. बसून खाल्ले.

सोमवार, १ डिसेंबर

पोट हलकं आहे. हे लिहिताना दोनदा तपासलं. काल संध्याकाळीही फुगलं नव्हतं. श्रेय कशाचं? ताक, जवस, झोप की त्या तीन पोळ्या? एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती.

सासूबाई रोज तीन करतात. सकाळी डबा पालथा.

शनिवार, ६ डिसेंबर

सासूबाईंना सकाळी गरगरलं. क्षिप्रानं घरच्या मशीनवर साखर पाहिली. दोनशे नव्वद! पंधरवड्यापूर्वी एकशे तीस होती.

क्षिप्रा ओरडलीच. "आजी, गोड खाल्लंस ना चोरून? खरं सांग!"

"गोड कुठलं गं. पोळ्याच." मग माझ्याकडे न बघता, "कावळे येत नाहीत इथे हल्ली. टाकायच्या कशा?"

म्हणजे रोज पहाटे त्याच खात होत्या, आम्ही उठायच्या आत. माझ्या आधी. कोरड्या, चहात बुडवून.

डॉक्टरांना फोन केला. गोळी वाढवून दिली, सोमवारी बोलावलंय. ठाण्याची वेळ रद्द केली. ऋजुता मॅडम फोनवर म्हणाल्या, "आधी त्यांचं बघा. तुम्ही जेवलात का?" नव्हते जेवले. साडेतीन वाजले होते.

माझं पोट बरं झालं कारण त्यांनी ते स्वतःवर घेतलं. त्याचं गुपित सांभाळता सांभाळता त्याच्या आईला मी आजारी पाडलं. उन्मेषला मेसेज केला: "आज रात्रीपर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगते." दोन निळ्या खुणा आल्या.

रविवार, ७ डिसेंबर

उत्तर नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

दवाखान्यातून आलो. साखर उतरते आहे. सासूबाई परात घेऊन बसल्या तेव्हा मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "आई, उन्मेष यायचा नाही. परत राहायला नाही येणार."

त्यांनी हाताला लागलेलं पीठ झटकलं.

"गणपतीतच कळलं मला. माझ्या भाचीनं त्याला आणि तिला पाहिलं ठाण्यात."

"मग पोळ्या —"

"मला वाटलं, तुला माहीत नाही. तुला वाटायला हवं ना, येईल म्हणून."

मंगळवार, ९ डिसेंबर

रात्री तिघींच्या पोळ्या केल्या. सासूबाई पाटावर बसून मोजून दोन जेवल्या. फडकं दोरीवर वाळत होतं.

शेवटची पोळी क्षिप्रानं घेतली आणि मला एक कमी पडली. भूक होती. छातीच्या खाली, मध्यभागी, मुठीएवढी. पुन्हा वाटीभर पीठ काढलं.