तिसरी वायर

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे अ. उ. आ. त्यातला 'उ.' रागाने लिहिला आहे, तो चालवून घे. फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला भांडण जुंपतं आणि बाबांना तर फोनवर काहीच ऐकू येत नाही, म्हणून आपल्या घराची पत्रांची ही जुनी सवयच बरी.

बाबांना तुझ्याकडे सोडून आज पाच आठवडे झाले. ठरले होते पंधरा दिवस. मी बॅगेत पंधरा दिवसांच्याच गोळ्या मोजून घातल्या होत्या. म्हणजे पुढच्या तू आणल्यास. चांगलं केलंस. तुझ्या हातून बाबांच्या गोळ्या वेळेवर आल्या, हे अकरा वर्षांत पहिल्यांदाच घडलं.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांचं कार्ड आलं. चार ओळी. तब्येत ठीक, सूनबाई काळजी घेते, पाय दुखत नाही, आणि शेवटी, "इथे मला गाणं ऐकू येतं." ते कार्ड मी तीनदा वाचलं. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते, तेव्हा वाचण्यात माझी चूक होत नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडते आहे. माझा घसा असा झाला आहे की फोन उचलला की लोक मला 'साहेब' म्हणतात. जेवताना ओरडायला नको म्हणून चिठ्ठ्या लिहिते, भात वाढू का, पंखा कमी करू का. शेजारीण म्हणाली की तुमच्या घरात अबोला आहे की काय. आणि तू, तुझी बायको फोनवर म्हणाली तसं, गॅरेजमधून गाडीचा अँप्लिफायर उचलून आणलास, त्याला वूफरचा खोका जोडलास, बाबा त्या थरथरणाऱ्या खोक्याला पाठ टेकून बसले आणि झालं, मुलाच्या घरी गाणं ऐकू आलं.

मला हेवा वाटत नाही. मला फक्त माहिती हवी आहे. ह्यांच्या कचेरीतल्या एका मित्राने गाडी विकताना अँप्लिफायर आणि खोका काढून ह्यांना दिला. गाडीचं ते यंत्र घरातल्या विजेवर चालतं कसं? ह्यांनी इंटरनेटच्या डबीचा अडॅप्टर लावून पाहिला, कारण त्यावरही बारा लिहिलं आहे आणि ह्यावरही बारा. खोका मुका राहिला. इंटरनेट मात्र दोन तास बंद पडलं, आणि शेजारीणही तेच वापरत असल्याचं त्या निमित्ताने कळलं.

उलट टपाली कळव. एकदा आमचा खोका वाजला की बाबा परत येतील. त्यांनी काल आलेल्या कार्डात तसं लिहिलं आहे. मीच त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे म्हण हवं तर.

लोभ आहे तेवढाच आहे, त्यात तू भर घाल.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. गाडीखाली झोपून झोपून कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांगातली दोनच अंगं पोचवतो.

तुझं पत्र बाबांनी आधी वाचलं, मग माझ्या हाती दिलं. ते हसले. तुझ्याकडे ते हसतात का गं? सहज विचारलं.

तू अकरा वर्षांचा हिशेब काढलास म्हणून सांगतो. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी टॅक्सी विकली त्या दिवशी तू गाडी करून आलीस आणि त्यांना घेऊन गेलीस. मी तेव्हा एका खोलीत राहत होतो. तू म्हणालीस, इथे त्यांची खाट कुठे मावणार. खरं होतं. म्हणून मीच त्यांची बॅग गाडीत नेऊन ठेवली. त्यानंतर प्रत्येक सुट्टीला मी तुझ्याकडे पाहुणा म्हणून आलो, माझ्याच बापाला भेटायला, आणि तू मला दरवेळी सांगितलंस की बाबांना तेलकट देऊ नकोस. आता माझ्याकडे दोन खोल्या आहेत. खाट मावली.

आता तुझं काम. इंटरनेटच्या अडॅप्टरला गाडीचा अँप्लिफायर ओढवत नाही. व्होल्ट बारा असले तरी त्याला करंट लागतो भरपूर, बॅटरी देते तेवढा. त्यासाठी जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आण, तो पंख्याचा लोखंडी डबा. तो भिंतीतली वीज घेतो आणि बारा व्होल्ट बाहेर देतो. त्याच्या जुडग्यातली हिरवी वायर एका काळ्या वायरला जोडली की डबा सुरू होतो. सगळ्या पिवळ्या वायरी एकत्र पिळून अँप्लिफायरच्या प्लसला, उरलेल्या काळ्या सगळ्या मायनसला. स्क्रू घट्ट आवळा. गाणं मोबाइलवरून सोडा. एवढं केलंत की झालं.

भाऊजींना नमस्कार. त्यांनी नकाशे काढायचं आयुष्यभर काम केलं, हेही जमेल.

हे पत्र बाबाच फिरायला जाताना पेटीत टाकणार आहेत. रोज दोन फेऱ्या मारतात हल्ली. तुझ्याकडे एकच मारायचे ना?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. ('उ.' परत मिळवायचा असेल तर पुढे वाच.)

तू सांगितलंस ते अक्षरशः केलं. ह्यांनी आधी कागदावर आकृती काढली, वायरींना रंग दिले, खाली सही करून तारीख घातली. मग जोडलं. कॉम्प्युटरच्या डब्याचा पंखा फिरला. आम्ही दोघंही एवढे खूश झालो की मी चहा टाकला. चहा निवला, पंखा फिरतोच आहे, अँप्लिफायरवर साधा दिवा नाही. पाच संध्याकाळी हे टॉर्च घेऊन पालथे पडले आहेत. काल उठताना म्हणाले की लग्नात सासऱ्यांच्या पाया पडलो तेव्हासुद्धा एवढा वेळ खाली नव्हतो.

प्लस आणि मायनसच्या मधोमध एक लहानसा स्क्रू आहे, त्याला काहीच जोडलेलं नाही. मी ह्यांना विचारलं, हा कशाचा. हे म्हणाले, त्याची गरज असती तर धाकट्याने लिहिलं असतं, तो रोज हेच काम करतो. मलाही ते पटलं. तुझ्या कामाबद्दल मी कधी वाकडं बोललेले नाही, बाकी सगळ्याबद्दल बोलले असेन.

आता हे हट्टाला पेटले आहेत. म्हणतात, बारा व्होल्ट पुरत नसतील, भिंतीतलीच वीज सरळ देऊन बघतो, यंत्र ताकदीचं दिसतं. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा जोडणार. प्लग लावलेली वायर तयार करून ठेवली आहे.

बाबांच्या खोलीत मी रोज केर काढते. परवा त्यांच्या उशीखाली माझ्याच चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला, अकरा वर्षांचा असेल. "डाळ तिखट झाली का", "खिडकी लावू का". सगळ्या एका रबरात. मी तिथेच बसले. हेवा वाटत नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते खोडते. रोज त्यांना तुझ्या घरी हसताना डोळ्यांपुढे आणते आणि भाजी करपते.

उत्तर पाठवशीलच.

ताई

२८ फेब्रुवारी, कुरियरने

ताई,

नमस्कार वगैरे नंतर. भिंतीतली वीज त्या यंत्राला लावू नका. भाऊजींच्या हातातून ती वायर काढून घे, कापून टाक. यंत्र जळेल ते जळेल, माणूस चिकटेल. मी फोन सहा वेळा लावला, तुझा बंद आहे, त्यांचा ते उचलत नाहीत. म्हणून शेजारणीच्या फोनवर निरोप ठेवला आणि हे पत्रही पाठवतो आहे.

मधला लहान स्क्रू 'रिमोट'चा. गाडीत टेप सुरू झाला की त्या स्क्रूला बारीक वायरीतून बारा व्होल्ट मिळतात, तेव्हाच अँप्लिफायर जागा होतो. घरात टेप नाही, म्हणून प्लसवरूनच एक वीतभर वायर त्याला जोडायची. तिसरी वायर. एवढंच राहिलं होतं.

राहिलं नव्हतं. मी लिहिलं नाही. लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात बाबा आतून म्हणाले की आज आवाज छान लागलाय, आणि माझा हात थांबला. वाटलं, दोन आठवडे तरी वाजू नये तुझा खोका. तुझ्याकडे अकरा वर्षं होते, माझ्याकडे दोन आठवडे जास्त. तू खोका दुकानात नेशील, कुणीतरी सांगेल, तेवढाच वेळ मिळेल, असा माझा हिशेब. भाऊजी माझ्यावर एवढा विश्वास ठेवतील हे हिशेबात धरलंच नाही.

बायकोला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच ताट उचलून घासलं. बाबांना पुढच्या शनिवारी घेऊन येतो. गोळ्यांसकट.

तुझा
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. पूर्ण दिले. तू मागितले नव्हतेस म्हणून.

शनिवारी तू दारातूनच बाबांना सोडून पळालास, चहाला थांबला नाहीस, तेव्हा लेखीच बोलते. ह्यांची ती वायर मी आधीच कापली होती. शेजारीण निरोप घेऊन आली तेव्हा कात्री माझ्या हातातच होती. मला विजेतलं कळत नाही, पण नवऱ्यातलं कळतं. तिसरी वायर लावली आणि खोका असा वाजला की कपाटातल्या बश्या एकमेकींशी बोलायला लागल्या. बाबा पाठ टेकून बसले. डोळे मिटले. मग म्हणाले की इथला आवाज जास्त खोल लागतो. हे तुला मुद्दाम कळवते आहे.

तुझ्यावर रागावून चार दिवस काढले. पाचव्या दिवशी लक्षात आलं की मीही गोळ्या पंधराच दिवसांच्या दिल्या होत्या. महिन्याचं पाकीट फोडून.

येत जा. पण बाबांना तेलकट देऊ नकोस.

आहे तो लोभ जपून वापर,
ताई

१९ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. ताईच्या टेबलावरचा कागद घेतला आहे, तिला कळेलच.

इथला अँप्लिफायर परवापासून बंद आहे. पंखा फिरतो, दिवा लागत नाही. जावईबापू टॉर्च घेऊन पालथे पडलेत. आता तर त्यांनी नवी आकृती काढली आहे. ताई म्हणते, धाकट्याला बोलवायची काही गरज नाही, आम्ही बघून घेऊ. पण काल तिने दोनदा विचारलं की त्याचा फोन आला होता का.

तुझं ते सतरा तारखेचं पत्र मी पेटीत टाकलं तेव्हा पाकीट चिकटवलेलं नव्हतं. कान गेले, डोळे शाबूत आहेत. तीस वर्षं टॅक्सी चालवली, टेप स्वतः बसवायचो. तिसरी वायर लिहिली नाहीस हे मला फाटकापाशीच कळलं. परत येऊन सांगणार होतो. मग पाकीट चिकटवलं आणि टाकलं. मलाही अजून थोडं राहायचं होतं.

वीतभर लाल वायर माझ्या चष्म्याच्या डबीत आहे, तिच्या जागी तशीच दिसणारी, आतून तुटलेली लावून ठेवली आहे. रविवारी ये, सूनबाईला घेऊन ये, हत्यारं सगळी आण. दोष सापडायला निदान दोन दिवस लाव. ते तुला जमतं.

सगळ्यांचा,
बाबा